कार्नेगी हॉल ते सायबेरिया: रिख्टरची उलटी वाट

१९५५ साली एमिल गिलेल्स अमेरिकेत वाजवायला गेला. शीतयुद्धाच्या दिवसांत तिकडे पोचलेल्या पहिल्या बड्या सोव्हिएत कलाकारांपैकी तो एक, आणि लोक त्याच्या पियानोवर इतके खूश झाले की कौतुक थांबेचना, तर हा माणूस त्यांना सांगायचा की थांबा, अजून तुम्ही रिख्टरला ऐकलेलं नाहीये. स्वतःवर फुलं पडत असताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं, तेही आपलंच वाद्य वाजवणाऱ्या आपल्याच गुरुबंधूचं, याला केवढं मोठं मन लागतं! मला गिलेल्स यासाठीही आवडतो. पण आजची पोस्ट त्याच्यावर नाही. त्यानं ज्याचं नाव घेतलं त्या स्व्यातोस्लाव रिख्टरवर आहे, कारण गेले कित्येक महिने मी झोपायच्या आधी त्यालाच ऐकतेय आणि ऐकता ऐकता त्याच्या आयुष्याबद्दल जे जे वाचलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

अमेरिकेला त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागलं. आणि तोवर रिख्टर पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

पंचेचाळीस! आपल्याकडे गवई चाळिशीनंतर मुरतो वगैरे म्हणतात ते ठीक आहे, पण पियानोच्या दुनियेत इंटरनॅशनल करिअरचा हिशोब फार वेगळा असतो. विशीच्या आसपास एखादी मोठी स्पर्धा मारायची, त्यातून एजंट मिळतो, एजंट दोन-तीन वर्षं पुढच्या तारखा पक्क्या करतो, कुठल्या ऑर्केस्ट्राबरोबर कुठला कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना, वाजवायचा हे सगळं तेव्हाच ठरतं, आणि मग विमान, हॉटेल, एखाद-दोन रिहर्सल, कॉन्सर्ट, परत विमान. माझी भाची पियानो शिकते, ग्रेडच्या परीक्षा देते, तिच्या क्लासमधल्या आईबाबांच्या गप्पा ऐकल्या तर त्यातही हेच, कुठली ग्रेड कितव्या वर्षी झाली म्हणजे बाहेरच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, नंबर लागेल. त्यांची काळजी मला कळते, पैसा आणि वेळ दोन्ही ओतलेलं असतं. फक्त मला त्या सगळ्यांना एकदा रिख्टरची गोष्ट सांगायचीय.

रिख्टर जन्मला १९१५ साली झितोमिरला, जे आज युक्रेनमध्ये आहे, आणि वाढला ओडेसात. वडील तेओफिल जर्मन वंशाचे, व्हिएन्नात शिकलेले, पियानो आणि ऑर्गन वाजवायचे, कॉन्झर्व्हेटरीत शिकवायचे. घरात एवढा मोठा शिक्षक असून पोरानं नियमानं धडे असे घेतलेच नाहीत! सरगमसारखे स्केल घोटणं वगैरे भानगड नाही, जे नोटेशन हातात येईल ते समोर ठेवायचं आणि वाजवत सुटायचं, त्यात ऑपेराचे अख्खे स्कोर. पंधरा-सोळाव्या वर्षी तो ओडेसाच्या ऑपेरात गायकांच्या तालमींना पियानोवर साथ करायच्या कामाला लागला. १९३४ मध्ये पहिली स्वतंत्र मैफल केली, इंजिनिअरांच्या क्लबात, सगळं शोपां या रचनाकाराचं. आणि १९३७ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, जेव्हा बाकीची मुलं शिकून बाहेर पडतात तेव्हा हा मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउसकडे जाऊन म्हणाला मला शिकवा. नॉयहाउस म्हणजे गिलेल्सचेही गुरू. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की याचं वाजवणं ऐकता ऐकता त्यांनी शेजारच्या विद्यार्थिनीच्या कानात सांगितलं, मला वाटतं हा जीनियस आहे. तरी रिख्टरला कॉन्झर्व्हेटरीतून काढून टाकलं गेलंच, कारण राजकारणाचे जे सक्तीचे तास असायचे त्यांना तो बसायचा नाही. नॉयहाउसनीच त्याला परत आणलं.

मग युद्ध आलं. हा भाग वाचताना मी पुस्तक बंद करून ठेवलं होतं दोन दिवस. १९४१ मध्ये जर्मन सैन्य ओडेसाकडे सरकत होतं आणि सोव्हिएत पोलिसांनी तेओफिल रिख्टरना जर्मन आडनावापायी हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली पकडलं आणि ऑक्टोबरात, शहर पडायच्या आधीच, गोळ्या घातल्या. आई मागे राहिली आणि पुढे जर्मन सैन्य माघारी जाताना दुसऱ्या एका माणसाबरोबर जर्मनीला निघून गेली. मुलगा तिकडे मॉस्कोत. पुढची जवळजवळ वीस वर्षं आईची आणि त्याची भेट नाही.

आता याच काळात त्याचं वाजवणं बघा. १९४३ च्या जानेवारीत प्रोकोफिएव्ह या रशियन रचनाकाराचा सातवा सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची मोठी रचना, त्यानं पहिल्यांदा लोकांसमोर आणला, युद्ध चालू असलेल्या मॉस्कोत, आणि तो बसवला किती दिवसांत तर चार. तो सोनाटा एकदा ऐका, शेवटची मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा शेवटचा भाग, सात मात्रांच्या चालीत आहे, रूपक ऐकणाऱ्या कानांना सात हे नवीन नाही पण इथे ते सात असे काही अंगावर चालून येतात की विचारू नका. प्रोकोफिएव्हनं पुढे नववा सोनाटा रिख्टरलाच अर्पण केला. १९५२ मध्ये बोट मोडल्यामुळे वाजवता येत नव्हतं तर हा माणूस चक्क ऑर्केस्ट्राचा कंडक्टर म्हणून उभा राहिला आणि रोस्त्रोपोविचच्या चेलोबरोबर प्रोकोफिएव्हची नवी सिम्फनी-कॉन्चेर्टो पहिल्यांदा सादर केली. आयुष्यात परत कधी कंडक्ट केलं नाही.

१९५३ मध्ये स्टालिन गेला तेव्हा रिख्टर तिबिलिसीत होता. त्याला तातडीनं मॉस्कोला आणलं, विमानात दुसरा प्रवासी कुणी नाही, सगळं विमान अंत्यविधीसाठीच्या फुलांच्या चक्रांनी भरलेलं आणि त्यात हा एकटा. ज्या राजवटीनं बापाला मारलं तिच्या प्रमुखाच्या शवापाशी वाजवायला चाललाय, पोचल्यावर बघतो तर पियानोचं पेडल धड नाही, ते नीट करायला वाकावं लागलं. मग बाख वाजवला. यावर मी काही लिहू शकत नाही, जे घडलं ते एवढंच पुरेसं आहे.

त्याला बाहेर का सोडत नव्हते याचं कारण आता वेगळं सांगायला नको. जर्मन आडनाव, बाप हेर म्हणून मारलेला, आई पश्चिम जर्मनीत, एकदा गेला तर परत येईल याची खात्री सरकारला कोण देणार. १९५० पासून त्याला प्राग वगैरे, म्हणजे सोव्हिएत गोटातल्या देशांत जाऊ देत होते, पश्चिमेकडे मात्र नाही. पण बातमी कशी अडवणार? १९५७ मध्ये कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गुल्ड मॉस्कोला वाजवायला आला होता, तेव्हा तो चोवीस वर्षांचा. तो रिख्टरच्या मैफलीला जाऊन बसला. रिख्टरनं शूबर्ट या रचनाकाराचा शेवटचा, बी फ्लॅट पट्टीतला सोनाटा काढला आणि इतक्या सावकाश लयीत काढला की एरवी पुनरावृत्तीला कंटाळणारा, शूबर्ट फारसा न मानणारा गुल्ड पुढचा वेळ संमोहित झाल्यासारखा बसून राहिला, हे त्यानंच नंतर सांगितलंय. मी तो सोनाटा रिख्टरच्या हातचा ऐकते तेव्हा पहिलीच मूव्हमेंट वीस मिनिटांच्या वर जाते. आपल्याला विलंबित ऐकायची सवय आहे म्हणून असेल, मला ती लय कधीच जड वाटली नाही, उलट आता दुसऱ्या कुणाचं ऐकलं की वाटतं एवढी घाई कसली आहे.

१९५८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारीत बल्गेरियात सोफियाला त्यानं रशियन रचनाकार मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' वाजवलं, त्याचं रेकॉर्डिंग पश्चिमेकडे पोचलं आणि तिकडची मंडळी थक्क झाली. आणि त्याच वर्षी मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की संगीत स्पर्धा झाली, रिख्टर परीक्षकांमध्ये होता, आणि त्याला टेक्सासहून आलेला व्हॅन क्लायबर्न नावाचा मुलगा आवडला तर त्यानं त्याला पूर्ण गुण दिले आणि बाकी कित्येकांना चक्क शून्य. शीतयुद्ध, सोव्हिएत सरकारची स्पर्धा, आणि हा अमेरिकन पोराला पैकीच्या पैकी देतोय! क्लायबर्न जिंकला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. ज्यानं गुण दिले त्याला मात्र अजून अमेरिका बघायची परवानगी नव्हती.

ती मिळाली १९६० मध्ये. मे महिन्यात आधी फिनलंड, आणि मग १५ ऑक्टोबरला शिकागो, एरिख लाइन्सडॉर्फ कंडक्टर, ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो. त्यानंतर न्यूयॉर्क, कार्नेगी हॉल, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओळीनं पाच रिसायटल, म्हणजे एकट्याच्या मैफली. पहिल्या दिवशी सगळा बीथोव्हन. गिलेल्सचे शब्द लोकांनी पाच वर्षं जपून ठेवलेले, त्यामुळे हॉलमध्ये काय वातावरण असेल याची कल्पना करा, आणि हा आत काय अवस्थेत होता तर प्रचंड घाबरलेला, मागेपुढे सरकारनं पाठवलेली माणसं, परका देश, आणि याच दौऱ्यात जवळजवळ वीस वर्षांनी आई समोर. ती जर्मनीहून त्याला भेटायला आली होती. तीन वर्षांनी ती वारली.

टीकाकारांनी डोक्यावर घेतलं. रेकॉर्ड कंपन्या मागे लागल्या. १९६१ मध्ये लंडन, लिस्टचे दोन्ही कॉन्चेर्टो. म्हणजे करिअर म्हणतात ते सगळं एका झटक्यात हजर, अगदी शिखरावर, आणि इथून पुढे कुणीही तेच केलं असतं जे सगळे करतात.

त्यानं नाही केलं. आणि मला खरं सांगायचंय ते इथपासूनच.

१९६४ हे वर्ष माझ्या डोक्यातून जातच नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला ग्लेन गुल्डनं शेवटची मैफल केली, तो एकतीस वर्षांचा होता, आणि नंतर मरेपर्यंत स्टेजवर आला नाही, स्टुडिओत गेला आणि तिथेच रमला. आणि त्याच सुमाराला रिख्टरला फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेले गावात तेराव्या शतकातलं धान्याचं एक प्रचंड कोठार दिसलं, दगडी भिंती, वर लाकडी वाशांचं छत, आणि त्याला वाटलं इथे वाजवायचं. १९६४ मध्येच त्यानं तिथे संगीत महोत्सव सुरू केला. दोघांनाही एकाच गोष्टीचा वीट आला होता असं मला वाटतं, त्या मोठ्या हॉलच्या चक्राचा, पण एक माणूस लोकांपासून लांब गेला आणि दुसरा लोकांच्या जास्त जवळ गेला. गुल्ड मला आवडतो, त्याच्या बाखवर माझं फार प्रेम आहे, पण निवड करायची झाली तर मी रिख्टरच्या बाजूनं उभी राहीन. संगीत समोरच्या श्वास घेणाऱ्या, मधूनच खोकणाऱ्या माणसांसाठी असतं यावर माझा पक्का विश्वास आहे.

रिख्टरला तारखा आधी ठरवणं आवडायचं नाही. दोन वर्षांनी अमुक दिवशी मला अमुक वाजवावंसं वाटेल हे आज कसं सांगू, असा त्याचा सरळ प्रश्न. त्याला आवडायचं ते हे की एखाद्या भागात फिरत जायचं, जागा बघायची, चर्च, शाळा, छोटं थिएटर, आणि कळवायचं की उद्या-परवा वाजवू का. संयोजकांच्या पोटात गोळा येत असणार, त्यानं कॉन्सर्ट रद्दही पुष्कळ केले, त्याचा मनस्ताप लोकांना झालाच असेल, तो मी नाकारत नाही. अमेरिकेला मात्र तो १९७० नंतर गेलाच नाही. त्या वर्षी न्यूयॉर्कला व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखबरोबर वाजवत असताना सोव्हिएत सरकारविरुद्धचे निदर्शक आत घुसले. आधीही त्या देशात त्याचं मन रमलं नव्हतं, त्यानंतर विषय संपला. जगातलं सगळ्यात मोठं मार्केट, आणि तो पुढची पंचवीस वर्षं तिकडे न जाता वाजवत राहिला.

पियानोवाल्यांची एक अडचण आपल्याला पटकन लक्षात येत नाही. तबलजी आपली जोडी घेऊन फिरतो, सतारिया आपली सतार, व्हायोलिनवाला खांद्याला लावून विमानात बसतो, पियानोवादकाला मात्र प्रत्येक गावात जे वाद्य ठेवलेलं असेल त्याच्याशी त्या दिवशी ओळख करून घ्यावी लागते. काहींनी यावर उपाय म्हणून स्वतःचं वाद्य नेलं. रिख्टर म्हणायचा की पियानो निवडत बसलं की डोक्याला त्रास होतो, जे आहे त्यावर विश्वास ठेवून बसावं. पुढे साठचं दशक संपता संपता त्याला यामाहाचे पियानो आवडायला लागले आणि मग कंपनी पियानो आणि टेक्निशियन दोन्ही त्याच्या दौऱ्यांना पुरवायची. त्या काळी मोठ्या वादकानं स्टाइनवे सोडून जपानी पियानोवर वाजवणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याला त्यातला हळू आवाज, अगदी पुसट पियानिस्सिमो, हवा तसा मिळायचा.

आणि १९८६! त्या वर्षी एप्रिलमध्ये रशिया सोडून गेलेला पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ साठेक वर्षांनी मायदेशी आला, मॉस्कोला वाजवलं, न्यूयॉर्कच्या घरातला स्वतःचा स्टाइनवे विमानानं बरोबर, टीव्हीवर जगभर दाखवलं, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. होरोविट्झच्या त्या मैफलीत लोक रडताना दिसतात आणि बघताना मीही रडलेय. पण त्याच वर्षी एकाहत्तर वर्षांचा रिख्टर लेनिनग्राडहून मोटारीनं पूर्वेकडे निघाला, कारण विमानाचं त्याला वावडं, आणि सगळा सायबेरिया ओलांडून पार व्लादिवोस्तोकपर्यंत, तिथून जपान, आणि परत. सहा महिने, सुमारे दीडशे मैफली. नकाशा उघडून ते अंतर एकदा बोटानं मोजा. वाटेत जी गावं लागली तिथे वाजवलं, अशाही गावांत जिथे कॉन्सर्ट हॉल म्हणून काही नाही, जिथल्या लोकांनी असलं संगीत समोर बसून कधी ऐकलेलंच नाही. हृदयाचं ऑपरेशन वगैरे पुढे व्हायचंच होतं, तब्येत काही ठणठणीत नव्हती, पैशाची गरज नव्हती, नाव तर जगभर झालेलं. मग का? मला वाटतं त्याला त्या गावातल्या माणसाचा कान कार्नेगी हॉलमधल्या माणसाच्या कानाइतकाच मोलाचा वाटत होता, आणि हे त्यानं भाषणात सांगितलं नाही, गाडीत बसून निघाला. आपल्याकडे देवळातल्या उत्सवात रात्रभर गाणारे मोठमोठे गवई होऊन गेले त्यांची आठवण मला इथे येते.

याच सुमाराला तो अंधारात वाजवायला लागला. सगळा हॉल काळोखा, फक्त पियानोवर एक छोटा दिवा, त्या उजेडात समोर ठेवलेली नोटेशनची पानं. लोकांना चेहरा आणि बोटं दिसूच नयेत, त्यांनी ऐकावं. पाठांतर सोडून पानं समोर ठेवण्यामागे त्याचं म्हणणं होतं की रचनाकारानं लिहिलेली एकेक खूण डोळ्यांसमोर असली की प्रामाणिक वाजवलं जातं. पण आणखी एक कारण होतं आणि ते फार क्रूर आहे. त्याचा कान बिघडला. जन्मजात सूर ओळखणारा कान, आणि म्हातारपणी त्याला सगळं वरच्या पट्टीत ऐकू यायला लागलं, म्हणजे बोटं एका पट्टीत आणि कानात दुसरीच पट्टी. जो गातो किंवा वाजवतो त्याला कळेल हे काय आहे. काळी एकची सवय असलेल्या माणसाला पेटीतून कायम काळी दोन ऐकू आली तर तो एक बंदिश तरी नीट गाऊ शकेल का? अशा कानानिशी तो अनेक वर्षं वाजवत राहिला, शेवटची जाहीर मैफल १९९५ च्या मार्चमध्ये जर्मनीत ल्यूबेकला, वय ऐंशी. १ ऑगस्ट १९९७ ला मॉस्कोत वारला.

त्यानं काय वाजवलं नाही तेही सांगते, कारण ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. जवळजवळ ऐंशी वेगवेगळ्या मैफली भरतील एवढं त्याच्या हातात होतं, पण बीथोव्हनचा मूनलाइट सोनाटा नाही, जो पियानो शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं, आणि एम्परर कॉन्चेर्टोही नाही, जो प्रत्येक ऑर्केस्ट्रा मागतो. ते त्याला वाईट वाटत होते असं नाही. दुसऱ्यांनी छान वाजवलेत मग मी कशाला, असा त्याचा विचार. संपूर्ण बीथोव्हन, संपूर्ण शोपां असे संच पुरे करायचाही सोस नाही. अपवाद बाखचा, त्याची अठ्ठेचाळीस प्रील्यूड-फ्यूगची, म्हणजे छोट्या रचनांच्या जोड्यांची, दोन्ही पुस्तकं त्यानं रेकॉर्ड केली.

आता ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी. सुरुवात सोफियाच्या मुसोर्गस्कीपासून करा. रेकॉर्डिंग जुनं आहे, फेब्रुवारीतली थंडी आणि लोक सतत खोकतायत, एखाद-दोन ठिकाणी बोटही चुकलंय, तरी हेच आधी ऐका, चांगल्या हेडफोनवर आणि मध्ये न थांबता, 'कीव्हचं महाद्वार' हा शेवटचा भाग येतो तेव्हा आवाज वाढवा. मग शूबर्टचा बी फ्लॅट, पण त्याला निवांत संध्याकाळ हवी, स्वयंपाक करता करता ऐकू नका. त्यानंतर ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो, लाइन्सडॉर्फबरोबरचा, शिकागोचा. कार्नेगी हॉलच्या त्या पाच मैफलींची रेकॉर्डिंगही मिळतात, रिख्टरला स्वतःला ती अजिबात आवडायची नाहीत, तो आपल्या वाजवण्यावर फार कडक बोलायचा. मला विचाराल तर त्यातला बीथोव्हनचा अपासिओनाटा सोनाटा सोडू नका, शेवटच्या पानावर तो ज्या वेगानं सुटतो तसं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि तुम्ही ऐकलं असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा, मला ऐकायचंय.